नणंदबाईंची तक्रार

३ मार्च

ती. साडूसाहेबांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या निरोप समारंभानंतर आपल्या दोन घरांत जे काही झालं, त्यानंतर नमस्कार चालतो की नाही ते ठाऊक नाही. चालत असेल तर तो इथे आहे असं समजावं.

पत्र पाहून दचकू नका, सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या मेहुणीला, म्हणजे माझ्या बायकोला, या पत्राची गंधवार्ता नाही. ताईंनी बोलणं टाकलंय, तेव्हा आपणही बोलायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. मी त्यावर बराच विचार केला. बोलायचं नाही हे ठरलंय, लिहायचं नाही असं काही ठरल्याचं मला आठवत नाही. फोन करायची सोय नव्हती. तुमच्या घरात फोन एकच आणि तो ताईंच्या हातात. हॉस्पिटलातून करावा, तर तिथल्या फोनवर बसणाऱ्या बाई आमच्या हिच्या मैत्रीण. ईमेल तर तुम्ही निवृत्त झालात त्याच दिवशी टाकून दिलीत म्हणे.

तर काम असं आहे. तुमच्या जागेवर आता मी बसतो. तेच तळघर, तीच खुर्ची, तिचा डावा हात अजून हलतो. बॅकअपची यंत्रणाही तुम्ही बसवलेली तीच. हॉस्पिटलातले सगळे एक्स-रे, स्कॅन आणि रिपोर्ट यांची दुसरी प्रत रोज तिच्यात जमा होते. आता महिनाअखेरीला जुना डीएनएस सर्व्हर बंद होणार आहे. नवा उभा राहिलाय, पण त्याचा पत्ता वेगळा. बाकी सगळी यंत्रं मी नव्याकडे वळवली. तुमच्या या बॅकअपच्या पेट्यांपाशी मात्र गाडी अडली. मुख्य पडद्यावर नवा पत्ता घातला, 'बदल झाला' असं हिरव्या अक्षरांत आलं, मीही खूश झालो. आत डोकावलो तर बाकीचे भाग खुशाल जुन्यालाच विचारतायत. सोबतच्या जाडजूड पुस्तकात लिहिलंय, 'सर्व घटकांत बदल करावा.' घटक किती आणि ते राहतात कुठे, हे सांगायचं पुस्तकाच्या मनात नसावं.

माझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे. या कामावरून ठरवू, असं साहेब म्हणालेत. तुम्ही सांगितलंत तर उपकार होतील. नाही सांगितलंत तरी तुमचा राग समजू शकतो, फक्त तो कशाचा आहे तेवढं समजत नाही.

आणखी एक. पेट्यांवर 'सासूबाई', 'भाऊजी' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. हा काय प्रकार? अक्षर फार देखणं आहे, त्यामुळे तुमचं नसावं.

आपला,
धाकटा साडू

ता. क. उत्तर घरी पाठवू नका. 'बॅकअप विभाग, तळघर' असं लिहा, मला मिळेल.


८ मार्च

साडूभाऊ,

नमस्कार पोचला. चालतो.

तुमचं पत्र आलं तेव्हा ही बाजारात गेली होती म्हणून बचावलो. मी ते शब्दकोशात लपवलंय. ज्या वयात लोक पत्रं लपवतात त्या वयात मला कुणी पत्र लिहिलं नाही. आता लपवायची वेळ आली तीही साडूच्या पत्रावर. असो.

तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही असं मी हिला वचन दिलंय आणि मी वचन पाळणारा माणूस आहे. लिहिण्याबद्दलचा तुमचा मुद्दा बिनतोड वाटला.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. दोन वर्षांत हॉस्पिटलातल्या एकाही माणसानं मला काही विचारलं नाही. पहिले सहा महिने मी फोनजवळ बसून असायचो. म्हणजे हिच्याजवळ, कारण फोन तिच्याजवळ असतो. तिला वाटलं, नवरा सुधारला. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. तुमचं पत्र वाचून मला किती बरं वाटलं हे तुम्हाला कळू नये अशी फार इच्छा होती, पण लिहून गेलो.

आता काम. डीएनएस म्हणजे हॉस्पिटलच्या दारातली चौकशीची खिडकी. यंत्राला दुसऱ्याचं नाव माहीत असतं, पत्ता माहीत नसतो. 'स्कॅनचं यंत्र कुठे?' असं ते खिडकीत विचारतं आणि खिडकी पत्ता सांगते. आता जुनी खिडकी बंद होऊन नवी दुसरीकडे उघडली, तर ते ज्याला त्याला जाऊन सांगावं लागणार. एका छपराखाली राहतात म्हणून एकीला सांगितलं की सगळ्यांना कळलं, असं तुम्हाला वाटलं. इतकी वर्षं संसार करून असं वाटावं, याचं मला नवल वाटतं.

चिठ्ठ्या म्हणजे थट्टा नव्हे. सासूबाई ही मुख्य पेटी. हुकूम सोडते, स्वतः काडी हलवत नाही. दोन जावा म्हणजे साठवणीच्या पेट्या, मोठी आणि लहान. सगळा माल त्यांच्या पोटात. भाऊजी दिवसभर हॉस्पिटलभर फिरून यंत्रांकडून फायली गोळा करून आणतात. आणि कुठे काही बिनसलं की त्याची तक्रार मेलनं साहेबांच्या आणि तुमच्या कानावर घालायची, ते नणंदबाईंचं काम. पाच चिठ्ठ्या, पाच जीव. प्रत्येकजण चौकशीच्या खिडकीचा पत्ता आपल्यापुरता वेगळा जपून ठेवतो. जिथे चिठ्ठी दिसेल तिथे जायचं आणि नवा पत्ता सांगायचा. चिठ्ठ्या धरून गेलात तर चुकणार नाही.

आधी भाऊजी, मग जावा, नणंदबाई आणि सगळ्यात शेवटी सासूबाई. तिला आधी हलवलीत तर ती नव्या खिडकीत उभी राहून सगळ्यांच्या नावानं ओरडत बसेल. आणि बदल केल्या केल्या लगेच तपासून आनंद मानू नका. जुनी उत्तरं या मंडळींना काही काळ तोंडपाठ असतात. न विचारताच बरोबर बोलतात, आणि आपल्याला वाटतं समजलं यांना.

अक्षर कुणाचं, हा प्रश्न कामाचा नाही.

आपला,
थोरला साडू


१५ मार्च

ती. साडूसाहेब,

तुमच्या पत्राचे उपकार कसे फेडू? भाऊजी वळले, दोन्ही जावा वळल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लगेच आनंद मानला नाही, दुसऱ्या दिवशी मानला.

एक अडचण मात्र मधेच झाली. साहेब कुणा पाहुण्यांना घेऊन तळघर दाखवायला आले. पाहुण्यांनी 'सासूबाई' वाचलं आणि ते इतके हसले की साहेबांचा चेहरा उतरला. 'हे हॉस्पिटल आहे की सासर?' असं मला सगळ्यांसमोर म्हणाले. त्याच दुपारी चिठ्ठ्या काढायला लावल्या. आता पेट्यांवर छापील आकडे आहेत, एक ते चार. चिठ्ठ्या फेकल्या नाहीत, टेबलाच्या खणात ठेवल्यात.

काढताना लक्षात आलं, पेट्या चार आणि चिठ्ठ्या पाच. सासूबाईच्याच बाजूला खाली 'नणंदबाई' चिकटवलेली होती. तक्रारींचं कामही त्याच पेटीतून चालतं, तेव्हा दोघी एकच असं मी धरलंय. सासूबाईला उद्या सांगतो, म्हणजे काम संपलं.

याला जोडून साहेबांनी आणखी एक काम दिलंय. जुन्या स्कॅनच्या डिस्क वरच्या मजल्यावर पडून आहेत, किती तरी वर्षांच्या. गाठ वाढली का, हाड भरून आलं का, हे डॉक्टर त्या जुन्या चित्रांशी ताडून बघतात. त्या सगळ्याची प्रत भाऊजींनी पेटीत आणून ठेवायची आणि मग डिस्क पुसून देऊन टाकायच्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुसायला माणूस येणार आहे.

घरची खबर म्हणाल, तर परवा मी हिला सहज विचारलं, ताई नेमक्या कशावरून रागावल्या? तिला खरंच माहीत नाही. म्हणाली, 'काही तक्रार असती तर ताईनं तोंडावर सांगितली असती, ती काय कुणाला भिते? काही बोलली नाही, म्हणजे उगाचच फुगलीय.' आणि मग कपाटातले कप काढून धूत बसली, धुतलेलेच. मी पुढे विचारलं नाही.

आपला,
धाकटा साडू


२० मार्च

साडूभाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचायला घेतलं. दोन्ही वेळा 'एक ते चार' इथवर पोचलो आणि खाली ठेवून दिलं.

एक ते चार! माणसांना कुणी एक ते चार म्हणतं का? साहेबांना सांगा, ती नावं ठेवायला मला एक अख्खी दुपार लागली होती, आणि लिहायला ज्या व्यक्तीला बसवलं होतं तिची दुसरी दुपार. गोंद सुकेपर्यंत मी दर चिठ्ठीवर हात धरून उभा होतो. पाहुणे हसले म्हणून नावं पुसायची असतील तर पाहुण्यांचीच आधी पुसा.

तुम्हीही मुकाट्यानं काढल्यात. साहेबांना एवढं तरी म्हणायचं होतं की हे आधीच्या माणसाचं आहे, त्याला विचारून काढतो. पण नाही. आधीच्या माणसाला विचारायचं असतं, हे त्या इमारतीत कुणाला सुचतच नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मला वाटलं होतं, तुम्ही निराळे. जाऊ द्या.

घरचं म्हणाल, तर परवा मी हिला विचारलं, धाकटीवर एवढा कशाचा राग? म्हणाली, 'तिनं काय केलं ते तिचं तिला चांगलं ठाऊक आहे.' आणि चष्मा पुसायला लागली. मी विषय सोडला. चालू यंत्राला हात लावू नये, एवढं मी नोकरीत नीट शिकलो. बंद पडलेल्याला कसा लावायचा हेही मला येत होतं, पण फक्त तळघरात.

पत्र टाकायला बाहेर पडता यावं म्हणून मी रोज फिरायला जायची सवय लावून घेतली आहे. हिला वाटतं तब्येतीसाठी. तिनं मला त्यासाठी खास बूट आणलेत. मला ते बघून लाज वाटते, आणि ते फार छान आहेत.

थोरला साडू


५ एप्रिल

ती. साडूसाहेब,

चिठ्ठ्यांबद्दल तुमची मनापासून क्षमा मागतो. तुम्हाला बरं वाटेल अशी बातमी देतो, म्हणजे रागही उतरेल.

एकतीस तारखेला जुना डीएनएस बंद झाला. मी तळघरात देव पाण्यात घालून बसलो होतो. काही झालं नाही! आज पाच दिवस होत आले, एक तक्रार नाही. माझ्या मेलमध्ये नाही, साहेबांच्या मेलमध्ये नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'कोणतीही सूचना नाही'. गुरुवारी विजेच्या कामासाठी तळघर थोडा वेळ बंद ठेवावं लागलं, पण पुन्हा चालू केल्यावरही सगळं गुण्यागोविंदानं सुरू.

साहेब जाम खूश आहेत. सगळ्यांसमोर म्हणाले, 'आधीच्या माणसाच्या काळात रोज सकाळी काहीतरी रडगाणं असायचं. याला म्हणतात कारभार.' हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. श्रेय तुमचंच आहे, हे मी त्यांना सांगणार होतो. तेवढ्यात चहा आला.

येत्या शनिवारी, दहा तारखेला दुपारी जुन्या डिस्क पुसायला माणूस येतोय. तेवढं झालं की सोमवारी माझा पक्केपणाचा कागद निघेल.

तुमच्या घरीही शांतता असेल. आमच्याकडे आहेच.

आपला कृतज्ञ,
धाकटा साडू


११ एप्रिल

ती. साडूसाहेब,

तुमच्या बाजूला काय घडलं ते मला माहीत नाही, आमच्या बाजूचं सांगतो.

परवा, शुक्रवारी दुपारी मी तळघरात डबा उघडला होता. जिन्यावर चपला वाजल्या. बघतो तर आमची ही! इतक्या महिन्यांत ती कधी खाली आली नव्हती. हातात वाणसामानाच्या यादीमागचा कोरा कागद, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं. धापा टाकत होती. म्हणाली, 'ताईचा फोन आला होता.'

मी डबा बाजूला सारला.

'हॅलो नाही, कशी आहेस नाही. म्हणाली, लिहून घे. मी लिहून घेतलं.' आणि तिनं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं. 'नणंदबाई गप्प आहेत म्हणजे त्या खूश आहेत असं नाही. त्यांना पोचायला रस्ता नाही. त्या सासूबाईच्या पोटात राहतात, पण खिडकीचा पत्ता स्वतःचा ठेवतात. त्यांना वेगळं सांगा. ते होईपर्यंत डिस्कला हात लावू देऊ नका.' मग कागद खाली करून मला विचारलं, 'तुला कुठली नणंद?'

मला आधी काही उलगडेना. मग एकदम टेबलाचा खण आठवला. मी खण उघडून चिठ्ठ्या बाहेर काढल्या, 'नणंदबाई' तिच्यापुढे धरली. तिनं ती हातात घेतली आणि मजकुराकडे न बघता म्हणाली, 'हे ताईचं अक्षर आहे.'

तुम्ही मला लिहिलं होतंत, अक्षराचा प्रश्न कामाचा नाही. आमच्या घरापुरता तो फार कामाचा निघाला. ती चिठ्ठी हातात धरून ती तुमच्या खुर्चीत बसली, इकडेतिकडे बघितलं. ना खिडकी, ना कुणाशी बोलायला माणूस, वर पाइप. 'दाजी सगळी नोकरी इथे बसले?' म्हणाली. मी हो म्हटलं. डोळे पुसत होती, आणि मला म्हणत होती, बघत काय बसलास, काम कर.

काम केलं. सासूबाईच्या पेटीत खोल आत नणंदबाईंचा कप्पा सापडला. जुनाच पत्ता उराशी धरून बसल्या होत्या. साहेबांचा मेल कुठे राहतो हे त्या बंद खिडकीत विचारत होत्या, उत्तर नाही म्हणून तक्रार मागे ठेवत होत्या, पुन्हा विचारत होत्या. मी नवा पत्ता दिला. मिनिटभर काही नाही. मग साठलेल्या सगळ्या तक्रारी एकदम सुटल्या. माझा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. साहेब बैठकीत होते, त्यांचाही टेबलावरून घसरत खाली पडला असं ऐकलं.

त्यातल्या निम्म्या एकाच गोष्टीच्या होत्या. गुरुवारी वीज गेली, भाऊजी बंद होऊन चालू झाले आणि मी सांगितलेलं सगळं विसरले. मी नवा पत्ता सांगितला होता, जतन केला नव्हता. तेव्हापासून त्यांनी एक फाईल आणलेली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या डिस्कपैकी अर्ध्याहून जास्त तशाच पडून होत्या. शनिवारी दुपारी त्या पुसल्या असत्या. कुणाच्या तरी गाठीचं जुनं चित्र, ज्याच्याशी ताडायचं, ते जगातून गेलं असतं, आणि माझ्याकडे कौतुकाचा कागद असता.

डिस्कचा माणूस परत पाठवला. भाऊजींना पुन्हा सांगितलं, जतन केलं, तीनदा बंद करून चालू केलं. आता आठवतं त्यांना.

साहेबांनी काल बोलावलं. माझी नोकरी पक्की झालेली नाही, मुदत तीन महिने वाढवली आहे. कारण लेखी दिलंय, 'तक्रारींच्या प्रमाणात अचानक वाढ.' त्या बंद करता येतील का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. इतक्या सरळ मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणालो.

एक विचारायचं राहिलं. तो निरोप लिहून झाल्यावर काय झालं ते ही म्हणाली तसं सांगतो. ताईंनी विचारलं, 'लिहिलंस?' ही म्हणाली, 'लिहिलं.' मग फोन कुणीच ठेवेना. शेवटी ही म्हणाली, 'आधी हे देऊन येते, मग मी करते. कुठे जाऊ नकोस.' संध्याकाळी तिनं केला आणि मला खोलीबाहेर घालवलं. मी दाराशी कान लावला तोवर आमची ही नुसती ऐकायला लागली होती. काय बोलणं झालं?

आपला,
धाकटा साडू


११ एप्रिल

साडूभाऊ,

तुमचं पत्र यायच्या आतच हे लिहितोय. दोन्ही वाटेत कुठेतरी भेटतील.

तुमचं पाच तारखेचं मला शुक्रवारी सकाळी मिळालं. फिरायला जायचे बूट घालता घालताच उघडलं. 'एक तक्रार नाही' वाचलं आणि तिथेच थांबलो. साडूभाऊ, डोळ्यांच्या विभागातल्या बाई घरी जाताना तिथलं यंत्र रोज न चुकता बंद करतात. मी हात जोडून सांगून पाहिलं होतं. त्यामुळे तिथली फाईल मिळाली नाही, ही तक्रार रोज सकाळी यायची. ती बाई सुधारली असेल यावर माझा विश्वास बसेना. मग शब्दकोशातून तुमचं आधीचं पत्र काढलं, आणि 'एक ते चार' याच्या पुढे पहिल्यांदाच वाचलं. 'दोघी एकच असं मी धरलंय.' तुम्ही स्वच्छ लिहिलं होतंत. मी रागावण्यात गुंतलो होतो.

पत्र टाकून उपयोग नव्हता, ते सोमवारी पोचलं असतं. फोन स्वयंपाकघरात, हिच्या चष्म्याच्या घरापाशी. मी एका पायात बूट घालून तिथे गेलो आणि शब्दकोश ओट्यावर ठेवला, पत्रांसकट. म्हटलं, 'धाकटीला फोन लावायचाय. तू लाव. मी वचन दिलंय.'

तिनं फोन घेतला नाही. पत्रं घेतली, उभ्या उभ्या एकेक वाचली. मी सांगत होतो की वेळ नाही, स्कॅन जातील, तरी ती वाचत राहिली. मग म्हणाली, 'तुम्ही उत्तरात किती पानं लिहायचात?'

'तीन. चार.'

'मला वाटायचं, तुम्हाला सांगण्यासारखं काही नसतंच. जेवताना विचारलं तर म्हणायचात, सगळं ठीक. मीही धरून चालले, ठीक असेल.' आणि मग, 'काय निरोप द्यायचा ते सांगा.' नंबर शोधावा लागला नाही. दोन वर्षं न लावलेला नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. तुम्हाला बाहेर घालवलेलं पलीकडून ऐकू आलं, मला कुणी घालवलं नाही. फोन हिच्या कानाला होता, पण तुमच्या बायकोचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तिनं पहिलंच विचारलं, 'ताई, मी केलं तरी काय होतं?'

ही म्हणाली, 'यांच्या निरोपाच्या दिवशी तू सगळ्यांत म्हणालीस, आता दाजी माणसात येतील. माझा नवरा काय जनावरात होता?'

मग धाकटी म्हणाली, 'म्हटलं होतं. अगं, तूच मला वर्षानुवर्षं सांगायचीस ना, हे माणसात नसतात, घरी येतात तेही तळघर घेऊनच येतात! मला वाटलं, सुटलीस तू एकदाची. तुझ्यासाठी आनंद झाला म्हणून म्हटलं.'

ही माझ्याकडे बघत होती. मी दाराकडे बघत होतो. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता ती अशी रडली की मला पाणी आणावं लागलं. पुढचं मी ऐकलं नाही, ऐकण्यासारखं बरंच असावं. दोन वर्षांचं साठलेलं होतं. फोनची बॅटरी संपली तशी भिंतीला टेकून, वायर लावून बोलत होती.

नंतर जेवताना तिनं मला विचारलं, 'ती खरं बोलली होती का?' मी नेहमीसारखं 'जाऊ दे' म्हणणार होतो. पण शब्दकोश अजून ओट्यावरच होता. मी हो म्हटलं. म्हटलं, निवृत्त झाल्यावर मला कुणी विचारत नाही याचं वाईट वाटतं, आणि तुझ्याजवळ बसायचो ते फोनसाठी. ती म्हणाली, 'ते मला तेव्हाच कळलं होतं. बसायचात तेवढं पुरे होतं.'

आता एक पंचाईत झाली आहे. फोन सकाळ-संध्याकाळ दोघी बहिणींकडे असतो. तुम्हाला यंत्राचं काही विचारायचं झालं तर पत्रच लिहा, फोन मोकळा मिळायचा नाही. घरच्या पत्त्यावर लिहिलंत तरी चालेल.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. भावजी, हे पत्र मी वाचून मगच बंद करतेय, आणि यापुढे असंच होईल. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतोय. यांना तळघर दाखवा, पण अर्धाच तास, मग वर आणा. त्या चिठ्ठ्या यांनी मला नोकरीच्या मधल्या काळात कधीतरी लिहायला लावल्या होत्या. कामाच्या आहेत, छान लिही, म्हणाले होते. त्या तळघरात माझं म्हणून तेवढंच होतं. तुम्ही त्या काढल्यात, त्याबद्दल माझी तक्रार आहे. ती इथे लिहीत नाही, समोर बसून करीन. नाहीतर पोचायची नाही.